क्रूसाच्या वाटेवरील बाजार

पवित्र भूमीची यात्रा करून परतलेल्या माणसाच्या घरी भेटीस गेले म्हणजे दोन गोष्टी हमखास घडतात. प्रथम छायाचित्रे पुढे येतात आणि मागोमाग कपाटातून एक पिशवी निघते. तिच्यात ऑलिव्हच्या लाकडाच्या जपमाळा असतात, शिंपल्याचा एखादा क्रूस असतो, जॉर्डन नदीचे पाणी भरलेली इवलीशी बाटली असते. पाहुण्याच्या हाती त्यांतले काहीतरी ठेवल्याशिवाय यजमानाचे समाधान होत नाही. छायाचित्रे पाहताना आपण यात्रेविषयी प्रश्न विचारतो. पिशवीविषयी मात्र कोणी काही विचारीत नाही. ती वस्तू कोठून घेतली, कोणी घडवली, तिच्यासाठी किती घासाघीस केली, हे प्रश्न आपल्याला यात्रेच्या पावित्र्याशी विसंगत वाटतात.

वस्तुतः ही पिशवी यात्रेइतकीच जुनी आहे. जेरुसलेमचा बाजार आणि जेरुसलेमची यात्रा ही दोन भावंडे आहेत. ती एकत्र वाढली, पुष्कळदा भांडली, पण विभक्त कधी झाली नाहीत. हे आम्हांला उमगले ते ग्रंथ वाचून नव्हे, तर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक शेवटी सांगू. आधी या बाजाराची कुळकथा सांगितली पाहिजे.

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील यात्रेकरूंसमवेत आम्ही जेरुसलेमला गेलो होतो. तटबंदीच्या आतील जुने शहर फार मोठे नाही. एक चौरस किलोमीटरसुद्धा ते भरत नाही. जाफा दरवाजातून आत शिरले की पायऱ्यापायऱ्यांची अरुंद गल्ली उतरणीला लागते आणि दोन्ही अंगांनी दुकाने सुरू होतात. गालिचे, पितळी दिवे, मसाल्यांच्या राशी, येशूबाळाच्या मूर्ती, ज्यूंचे सात फाट्यांचे दीपवृक्ष, मुसलमानांच्या तसबिऱ्या, सारे एकाच खिळ्याला टांगलेले. आमचा वर्ण पाहून दुकानदार ‘इंडिया, इंडिया’ म्हणून साद घालीत. त्यांची आपसांतली अरबी भाषा आम्हांला समजत नव्हती. तथापि मधूनमधून एखादा ओळखीचा शब्द कानी पडे. ‘दुकान’ हा त्यांचाच शब्द. ‘दलाल’, ‘नफा’, ‘हिशेब’ हेही त्यांचेच. मसाल्याच्या गल्लीचे नाव तर ‘सूक अल अत्तारीन’, म्हणजे अत्तारांचा बाजार. अरबी-फारसीच्या वाटेने हे शब्द शतकांपूर्वी मराठीत येऊन नांदू लागले, आणि आम्ही इतक्या दूर जाऊन जणू त्यांच्या माहेरी उतरलो होतो.

सराफांचे चौरंग

या शब्दांतला एक शब्द ख्रिस्ती वाचकाच्या विशेष परिचयाचा आहे: सराफ. प्रभू येशूने मंदिरात शिरून सराफांचे चौरंग पालथे केले, हे शुभवर्तमानात आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हे सराफ तेथे करीत काय होते?

प्रत्येक प्रौढ ज्यू पुरुषाने दरसाल अर्धा शेकेल मंदिरकर द्यावा, असा नियम होता. हा कर कोणत्याही नाण्यात चालत नसे. सोर शहराच्या टाकसाळीत पाडलेले, उत्तम कसाचे चांदीचे नाणे त्यासाठी लागे. गंमत अशी की त्या नाण्यावर मेलकार्त या मूर्तिपूजकांच्या देवाचे मुख कोरलेले होते. तरीही चांदीचा कस भरवशाचा म्हणून तेच मंदिरात स्वीकारले जाई. दूरदूरच्या देशांतून येणारे यात्रेकरू आपापली नाणी आणीत आणि ती मोडून घेण्यासाठी सराफाला थोडी वटणावळ देत. वल्हांडणाच्या आधीच्या अदार महिन्यात हे चौरंग मांडले जात, असे ज्यूंच्या ‘मिश्ना’ या ग्रंथात नोंदवले आहे.

कबुतरांची गोष्ट याहून बोलकी आहे. कबुतर हे गरिबाचे अर्पण. पवित्र मरिया आणि योसेफ यांनी बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा त्यांनीही गरिबांचेच अर्पण वाहिले होते. मिश्नेत एक हकिकत आहे: एकदा जेरुसलेममध्ये कबुतरांच्या जोडीचा भाव एका सोन्याच्या दिनारापर्यंत चढला. तेव्हा रब्बान शिमोन बेन गमलिएल यांनी शपथ वाहिली की, हा भाव उतरल्यावाचून आज रात्री मी झोपणार नाही. त्यांनी धर्मसभेत जाऊन नियमाचा असा अर्थ लावला की बाळंतिणींना पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी अर्पणे आणावी लागतील. मागणी घटली आणि त्याच दिवशी भाव चांदीच्या दिनाराच्याही खाली आला. म्हणजे मंदिराच्या छायेतला बाजार गरिबाला नाडतो, ही वेदना एकट्या शुभवर्तमानातच उमटलेली नाही. ज्यू धर्मगुरूंच्याही मनाला ती बोचत होती.

या बाजाराचे अवशेषही सापडले आहेत. १९६७ नंतर बिन्यामीन माझार या पुरातत्त्वज्ञांनी मंदिराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापाशी उत्खनन सुरू केले. तेथे हेरोदकालीन फरसबंद रस्ता, त्याच्या कडेची लहान लहान दुकाने आणि दगडी वजने मिळाली. रस्त्यावर आजही प्रचंड चिरे कोसळलेल्या स्थितीत पडलेले दिसतात. इ. स. ७० मध्ये रोमन सैनिकांनी ते मंदिराच्या तटावरून खाली लोटले होते. त्याच वेढ्याचे वर्णन करताना इतिहासकार जोसेफस सांगतो की दुसरा तट फोडून तीतस शहरात शिरला, तो लोकरीची दुकाने, तांबट-लोहारांच्या शाळा आणि कापडबाजार यांच्या अरुंद गल्ल्यांतून. थोडक्यात, सैन्य शहरात शिरले ते बाजाराच्या वाटेनेच.

स्तंभांचा रस्ता

जेरुसलेम जमीनदोस्त झाले. पुढे दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने त्याच जागी ‘एलिया कॅपिटोलिना’ नावाचे रोमन नगर वसवले. रोमन शिरस्त्याप्रमाणे उत्तर-दक्षिण असा एक रुंद राजमार्ग आखला. दोन्ही बाजूंस स्तंभांच्या रांगा, त्यांवर छप्पर आणि आत दुकाने. जॉर्डनमधील मादाबा येथे सहाव्या शतकातल्या एका चर्चच्या जमिनीवर पवित्र भूमीचा रंगीत दगडी खड्यांचा नकाशा आहे. तो १८८४ मध्ये उजेडात आला. त्यात जेरुसलेमच्या मधोमध हा स्तंभांचा रस्ता स्पष्ट दिसतो. पुढे १९७० च्या दशकात नाहमान अविगाद यांच्या उत्खननात या रस्त्याचा दक्षिणेकडील भाग प्रत्यक्षात सापडला आणि नकाशा खरा ठरला.

आज जुन्या शहरात अत्तारांची गल्ली आणि तिला लगटून असलेल्या गल्ल्या ज्या रेषेवर आहेत, ती हीच रेषा होय. रुंद राजमार्गावर पुढे शतकानुशतके दुकानदार पाऊल पाऊल सरकत राहिले. ओट्याचे दुकान झाले, दुकानापुढे फळी आली, फळीपुढे टोपली आली. अखेर एका रस्त्याच्या तीन अरुंद गल्ल्या झाल्या. आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेत राहिलेल्या माणसाला ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पवित्र कबरेवर महामंदिर उभारले आणि ख्रिस्ती यात्रेकरूंचा ओघ सुरू झाला. त्यांतल्या एजेरिया नावाच्या स्त्रीने इ. स. ३८० च्या सुमारास लिहिलेला प्रवासवृत्तान्त उपलब्ध आहे. शुभ शुक्रवारी पवित्र क्रूसाचे लाकूड भाविकांपुढे ठेवले जाई आणि एकेक जण येऊन त्याचे चुंबन घेई. पण एजेरिया सांगते की उपयाजक त्या लाकडाभोवती पहारा देत उभे असत, कारण पूर्वी कोणीतरी चुंबन घेता घेता दातांनी त्याचा तुकडा तोडून नेला होता! हे वाचून प्रथम हसू येते. परंतु त्या अनाम माणसाच्या मनात जे होते, तेच आपल्या पिशवीच्या मुळाशी आहे. पवित्र स्थळी नुसते जाऊन येणे माणसाला पुरत नाही. तेथले काहीतरी त्याला घरी न्यावेसे वाटते.

ही भूक चोरीवाचून भागावी म्हणून एक सोय निघाली. क्रूसाच्या लाकडाला स्पर्श करून पवित्र केलेले तेल शिसे-कथिलाच्या लहान चपट्या कुप्यांत भरून यात्रेकरूंना मिळू लागले. कुप्यांवर क्रूसाचे आणि रिकाम्या कबरेचे चित्र ठसवलेले असे. सहाव्या-सातव्या शतकातील अशा कुप्या इटलीत मोंझा आणि बोब्बियो येथे आजही जपून ठेवल्या आहेत. जॉर्डनच्या पाण्याच्या आपल्या बाटलीची ही पणजी म्हणावयास हरकत नाही.

सातव्या शतकात आर्कुल्फ नावाचा फ्रँक बिशप जेरुसलेमला गेला. परतीच्या प्रवासात वादळाने त्याचे जहाज भरकटले आणि तो स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरील मठाधिपती अडोम्नान यांच्याकडे पोहोचला. अडोम्नान यांनी त्याच्या तोंडून ऐकून घेऊन ग्रंथ लिहिला. त्यात सप्टेंबरच्या मध्यास जेरुसलेमला भरणाऱ्या वार्षिक जत्रेचे वर्णन आहे. नाना देशांचे व्यापारी उंट, घोडे, गाढवे, बैल घेऊन येत. शहरभर लिदीचा आणि घाणीचा चिखल होई. जत्रा उठली की त्याच रात्री मुसळधार पाऊस कोसळे आणि रस्ते धुऊन निघत. आर्कुल्फला हा दैवी चमत्कार वाटला. सप्टेंबरचा हा काळ म्हणजे पवित्र क्रूसाच्या सणाचा. आमच्या वाचकांना याच दिवसांतली वांद्र्याच्या डोंगरीवरील मरियामातेची यात्रा आठवल्याखेरीज राहणार नाही. मेणाचे हातपाय, मेणबत्त्या, खाऊची दुकाने, खेळणी आणि अधूनमधून भिजवून टाकणारी पावसाची सर! सणाला बाजार चिकटतोच. तो नुसता हाकलून जात नाही.

संत आन्नाचे गाळे

१०९९ मध्ये क्रूसयोद्ध्यांनी जेरुसलेम घेतले. शहरात अपरंपार कत्तल झाली. ज्यू आणि मुसलमान रहिवासी मारले गेले वा परागंदा झाले. आपल्या धर्माच्या नावाने हे घडले, हे ख्रिस्ती लेखकाने आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. पुढे शहर पुन्हा वसू लागले तेव्हा यात्रेकरू हाच त्याचा मुख्य उदीम झाला. राणी मेलिसेंदेच्या कारकिर्दीत, बाराव्या शतकाच्या मध्याला, त्या जुन्या रोमन रस्त्यावरच्या तीन समांतर गल्ल्यांवर दगडी कमानींचे छत बांधण्यात आले. आज आपण ज्या गारव्यात खरेदी करतो तो त्या कमानींचा.

तीन गल्ल्यांपैकी एकीत वनौषधी व मसाले विकत, दुसरीत कापड, आणि तिसरीत यात्रेकरूंसाठी शिजवलेले अन्न. या खाद्यगल्लीला लोकांनी ‘मालक्विझिना’ म्हणजे ‘वाईट स्वयंपाक’ असे नाव ठेवले होते. यात्रेच्या ठिकाणी महाग आणि बेचव जेवण मिळते ही तक्रार आठशे वर्षांची जुनी आहे, हे वाचून आमच्या गटातील एका वडीलधाऱ्या बाईंना फार समाधान वाटले. गल्ल्यांच्या दोन टोकांना नाणी मोडून देणाऱ्यांच्या दोन पेढ्या होत्या. एक लॅटिनांची, दुसरी सिरियनांची. म्हणजे सराफ परत आले होते. यात्रा पुरी झाल्याची खूण म्हणून लोक खजुरीची पाती घेऊन मायदेशी परतत. ती पाती विकण्याचीही जागा ठरलेली होती.

या बाजारातील काही गाळ्यांच्या दगडांवर एक अक्षरचिन्ह कोरलेले आहे. ते आहे ‘सान्क्ता आन्ना’, म्हणजे संत आन्ना, या नावाचे. या गाळ्यांचे भाडे संत आन्नाच्या मठाकडे जाई. पवित्र मरियेच्या मातेच्या नावाचे हे सुंदर देवालय सिंहदरवाजाजवळ आजही उभे आहे आणि मरियेचे जन्मस्थान म्हणून तेथे तिची भक्ती होते. मसाल्याच्या पोत्यांवर, कसल्याशा निळ्या ताडपत्रीच्या वर, ते अक्षर कोरलेले वाटाड्याने दाखवले तेव्हा आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. मंदिरातून बाजार हाकलला गेला होता. येथे बाजारच मंदिराच्या दिव्याला तेल पुरवीत होता. हे बरे की वाईट? जोगिणींचे पोट त्यावर चालत होते, हे खरे. आणि भाडे वाढले की दुकानदार ते यात्रेकरूकडूनच वसूल करीत असणार, हेही खरे.

११८७ मध्ये सुलतान सलाउद्दीनने शहर जिंकले. संत आन्नाच्या देवालयात मदरसा सुरू झाला. १८५६ मध्ये तुर्की सुलतानाने ती वास्तू फ्रान्सला दिली आणि तेथे पुन्हा मिस्सा होऊ लागली. मधल्या काळात धर्मार्थ बाजाराची रीत मात्र खंडित झाली नाही. १३३६-३७ मध्ये दमास्कसचा सुभेदार तंकीझ याने कापसाचा बाजार, ‘सूक अल कत्तानीन’, बांधला आणि त्याचे उत्पन्न धार्मिक संस्थांना लावून दिले. राजे बदलले, धर्म बदलला. गाळ्याच्या भाड्यावर देवस्थान चालवण्याची युक्ती तीच राहिली.

रात्रभर चाललेली खरेदी

चौदाव्या शतकापासून पवित्र स्थळांची राखण फ्रान्सिस्कन बंधूंकडे आली. १३४२ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी तिला अधिकृत मान्यता दिली. यात्रेकरूंची सोय पाहणे आणि त्यांना शिस्त लावणे ही दोन्ही कामे या बंधूंची. १४८३ मध्ये दुसऱ्यांदा यात्रेस आलेला जर्मन डोमिनिकन धर्मगुरू फेलिक्स फाब्री याने आपल्या विस्तृत वृत्तान्तात त्या नियमांची यादी दिली आहे. पवित्र कबरेचे टवके उडवू नयेत, भिंतींवर नावे आणि घराण्याची चिन्हे कोरू नयेत, स्थानिक लोकांशी व्यवहार करताना जपून असावे. नियम करावा लागला याचाच अर्थ ही सारी कृत्ये सर्रास होत होती.

त्या काळी यात्रेकरूंना पवित्र कबरेच्या मंदिरात रात्रभर कोंडून घेत. ती जागरणाची, प्रार्थनेची रात्र. फाब्री खेदाने लिहितो की, यात्रेकरूंबरोबर व्यापारीही आत शिरत आणि दाराजवळ जपमाळा, कापड, मौल्यवान खडे मांडून बसत. कित्येक यात्रेकरू प्रार्थना सोडून त्यांच्याभोवती घोटाळत राहत. क्रूसस्थान आणि कबर यांच्यामधल्या त्या जागेत रात्रभर सौदे चालत. पंधराव्या शतकातला हा साधा धर्मगुरू चिडलेला आहे, पण तो ढोंगी नाही. मित्रांनी दिलेल्या मौल्यवान वस्तू पवित्र स्थळांना लावून परत नेण्याचे काम तोही करीत होता.

काहींना पिशवीत मावणारी खूणही पुरेशी वाटेना. आलेप्पो येथील इंग्रज पाद्री हेन्री मॉन्ड्रेल १६९७ च्या ईस्टरला जेरुसलेममध्ये होता. तेथे यात्रेकरू दंडावर क्रूसाची चिन्हे गोंदवून घेत असलेले त्याने पाहिले. लाकडी ठशावर कोळशाची पूड लावून आकृती उमटवायची आणि मग जोडसुयांनी ती टोचत जायचे. गोंदण आपल्याकडच्या बायाबापड्यांना नवे नाही. मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच, असे आपल्याकडच्या म्हाताऱ्या सांगत. जेरुसलेमच्या यात्रेकरूंची भावना याहून वेगळी नसावी. ही कला त्या शहरात आजही चालू आहे.

आज आपण ज्या वस्तू आणतो त्यांचा कारखाना मात्र जेरुसलेममध्ये नव्हता. तो आठ-नऊ किलोमीटरवरच्या बेथलेहेममध्ये होता. ऑलिव्हचे लाकूड कोरणे आणि तांबड्या समुद्रातून येणाऱ्या शिंपल्यांवर नक्षी कोरणे या कला फ्रान्सिस्कन बंधूंच्या उत्तेजनाने तेथे वाढल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बेर्नार्दिनो आमिको या बंधूने पवित्र वास्तूंची मोजमापे घेऊन आराखडे तयार केले. पवित्र कबरेच्या मंदिराच्या लाकूड-शिंपल्याच्या प्रतिकृती बेथलेहेमचे कारागीर बनवू लागले आणि त्या युरोपातील राजवाड्यांत पोहोचल्या. ख्रिस्ती कुटुंबांना पोटापाण्याचा धंदा मिळाला. एकोणिसाव्या शतकात हेच कारागीर-व्यापारी आपला माल घेऊन १८९३ च्या शिकागो प्रदर्शनापर्यंत गेले. पुष्कळ जण पुढे अमेरिका खंडात, विशेषतः चिली, होन्डुरास, एल साल्वादोर या देशांत, कायमचे स्थायिक झाले. जपमाळांची पेटी पाठीवर घेऊन निघालेला माणूस परत आलाच नाही, अशा कथा बेथलेहेमच्या घराघरांत आहेत.

१८६९ मध्ये टॉमस कुक कंपनीने पवित्र भूमीची पहिली सहल काढली आणि यात्रेकरूबरोबर ‘पर्यटक’ हा नवा प्राणी बाजारात अवतरला. त्याला वेळ कमी आणि हौस जास्त. त्याच्यासाठी नव्या पेठा उठल्या. योहानाच्या सरदारांचे जुने रुग्णालय जेथे होते त्या भागाला ‘मुरिस्तान’ म्हणतात. मूळ फारसी शब्द ‘बीमारिस्तान’, आणि त्यातला ‘बीमार’ आपल्याला परका नाही. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठाने दुकानांचा देखणा चौक बांधला. १९१७ च्या डिसेंबरात जनरल ॲलन्बी जाफा दरवाजातून पायी चालत आत आला. त्याच्या फौजेत असंख्य हिंदी सैनिक होते. हेरोद दरवाजाजवळ ‘हिंदी धर्मशाळा’ त्याच्या कितीतरी आधीपासून होती. सूफी संत बाबा फरीद यांच्या नावाशी ती निगडित आहे, आणि १९२४ पासून सहारनपूरहून गेलेल्या अन्सारी कुटुंबाने ती सांभाळली.

आज जेरुसलेमची म्हणून ओळखली जाणारी निळी-हिरवी चिनी मातीची भांडीही या काळातली. १९१९ मध्ये दावीद ओहानेसियान हा आर्मेनियन कारागीर, शिलाघुमटाच्या फरशा दुरुस्त करण्यासाठी, तेथे आला. १९१५ पासून तुर्कस्तानात आर्मेनियन ख्रिस्ती लोकांचे जे शिरकाण झाले त्यातून वाचलेल्यांपैकी तो एक. कुताह्या गावची विद्या त्याच्या हातांत होती. त्याच्या हाताखालच्या बाल्यान आणि काराकाशियान कुटुंबांनी १९२२ मध्ये स्वतःची भट्टी घातली. आम्ही घरी आणलेल्या एका लहानशा वाटीवर मासा आणि द्राक्षवेल आहे. ती ‘जेरुसलेमची आठवण’ म्हणून घेतली. ती निर्वासितांची आठवण आहे, हे पुढे कळले.

सातवे स्थान

आता आमच्या चुकीकडे येतो.

क्रूसाची वाट आज ज्या गल्ल्यांतून जाते तिचा क्रम अठराव्या शतकात स्थिरावला. तिचा मोठा भाग बाजारातून जातो, हे तेथे गेल्याशिवाय खरे वाटत नाही. सातवे स्थान, जेथे प्रभू दुसऱ्यांदा पडला, ते ‘खान अल झैत’ म्हणजे तेलाच्या सराईच्या गजबजलेल्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एक लहान दार, आत फ्रान्सिस्कनांचे चॅपेल आणि रोमन काळातला एक स्तंभ. दाराच्या दोन्ही बाजूंस मिठाई, चपला, मुलांचे कपडे.

दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन बंधू येथून क्रूसाची वाट करीत जातात. त्या शुक्रवारी आमचा गट त्यांच्याबरोबर होता. आम्ही दोघे-तिघे मात्र थोडे मागे रेंगाळलो होतो. घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, गायनमंडळासाठी मिळून साठेक जपमाळा हव्या होत्या आणि एका म्हाताऱ्या दुकानदाराशी आमची घासाघीस रंगात आली होती. तो एक भाव सांगे, आम्ही निम्मा. आम्ही निघाल्याचे सोंग केले, त्याने परत बोलावले. इतक्यात लॅटिनमधले स्तोत्र जवळ आले. म्हाताऱ्याने हातातल्या जपमाळा खाली ठेवल्या, टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि तो दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहिला. मिरवणूक दारात थांबली, प्रार्थना झाली, पुढे गेली. आम्ही त्याच्या पाठीमागे, हातात मोजून घेतलेल्या जपमाळा घेऊन, उभे होतो. आमच्यापैकी एकाच्या तोंडचे वाक्य अर्धवट राहिले होते. ते किमतीविषयी होते.

यात्रेला निघताना आम्ही कितीदा ठरवले होते की जेरुसलेममध्ये एक तरी क्रूसाची वाट मन लावून करू. त्या वाटेच्या सातव्या स्थानी आम्ही भाव करीत होतो, आणि गुडघा टेकला तो दुकानदाराने. त्यानंतर घासाघीस पुढे चालवण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्याने मात्र टोपी घातली आणि आमच्या शेवटच्या भावापेक्षा थोडा जास्त, त्याच्या भावापेक्षा बराच कमी, असा आकडा स्वतःच सांगितला. तो बेथलेहेमचा होता. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितले की या जपमाळा त्याच्या मेहुण्याच्या घरी होतात.

दुसऱ्या दिवशी आमची बस एका मोठ्या दालनापुढे थांबवण्यात आली. तेथे चहा मिळाला, सूट मिळाली आणि खरेदीसाठी एक तास मिळाला. सातव्या स्थानी दहा मिनिटेही नव्हती. तेथून घेतलेल्या काही जपमाळा घरी आल्यावर घामाने रंग सोडू लागल्या; लाकूड कोणते, ते देव जाणे. कोणत्या देशच्या यंत्रावर ते मणी झाले हे आम्ही विचारले नव्हते. म्हाताऱ्याच्या जपमाळा अजून तशाच आहेत. हाताळून हाताळून त्यांचा रंग गडद झाला आहे इतकेच.

या अनुभवावरून ‘यात्रेत खरेदी करूच नये’ असा उपदेश करण्याचा आमचा विचार नाही. इतिहास त्याला आधार देत नाही. प्रभूने चौरंग उलथले ते मंदिरातले. बाजारहाट करणाऱ्या, जाळी विणणाऱ्या, सुतारकी करणाऱ्या माणसांतच तो वावरला. यात्रेकरू रिकाम्या हाताने परतू लागला, तर बेथलेहेमच्या ख्रिस्ती घरांतली चूल थंड पडेल. हे कल्पनेने लिहीत नाही. २०२० ची महासाथ आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटलेले युद्ध, या दोन्ही वेळी यात्रा थांबल्या आणि जुन्या शहरातल्या कितीतरी दुकानांची दारे महिनोन् महिने बंद राहिली. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या चौकात झाडही उभे राहिले नाही. त्याआधीच, २००२ नंतर उभारलेल्या भिंतीमुळे, बेथलेहेमच्या कारागिराला जेरुसलेमच्या बाजारात येण्यासाठी परवान्याची वाट पाहावी लागू लागली होती. आपल्या पूर्वजांचे देश सोडून दूर गेलेल्यांची यादी वाढतच आहे. जेथे प्रभू जन्मला तेथे त्याचे नाव घेणारे किती उरतील, या प्रश्नाचा एक धागा त्या लाकडी मण्यांतून ओवलेला आहे.

तेव्हा खरेदी करावी. पण कोणाकडून करतो, हे पाहावे. घासाघीस तेथील रीत आहे, ती करण्यात पाप नाही. पण समोरच्याच्या ताटातली भाकरी निम्मी होईपर्यंत ती ताणू नये. भेटवस्तूंची यादी लांबवण्यापेक्षा थोडक्याच वस्तू घ्याव्यात आणि त्या घडवणाऱ्या हातांची चौकशी करावी. आणि मिरवणूक येताना ऐकू आली, तर पिशवी खाली ठेवावी.

परत आल्यावर त्या साठ जपमाळा आम्ही वाटल्या. देताना प्रत्येकाला ‘जेरुसलेमहून आणली’ असे सांगितले. एका मुलीने विचारले, “कोणत्या दुकानातून?” आम्ही म्हणालो, “सातव्या स्थानाजवळच्या.” तिला ते पुरेसे वाटले. सातव्या स्थानी आम्ही काय करीत होतो, हे मात्र तिला सांगितले नाही. ते आज येथे लिहिले.